मिशिगनचा तेरावा मतदारसंघ: एका क्रमांकाखालची सोळा माणसे

७ जानेवारी २०२३ रोजी पहाटे अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातील सदस्यांचा शपथविधी झाला. सभापतीची निवड मतदानाच्या पंधरा फेऱ्यांपर्यंत लांबल्यामुळे ३ जानेवारीला व्हायचा हा विधी चार दिवस पुढे गेला होता. शपथ घेणाऱ्यांमध्ये मिशिगन राज्याच्या तेराव्या मतदारसंघातून निवडून आलेले श्री ठाणेदार होते. १९५५ मध्ये चिकोडी येथे त्यांचा जन्म झाला, बेळगावात ते लहानाचे मोठे झाले, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन १९७९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढे त्यांनी आपले आत्मचरित्रही मराठीत लिहिले. मराठी घरातील एक माणूस त्या सभागृहात पोहोचला याचा आनंद अनेकांना झाला आणि तो होणे स्वाभाविकच होते. मात्र ती जागा त्यांच्या आधी कोणाकडे होती, तेथील मतदार कोण आहेत आणि ‘तेरावा’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारले गेले.

या मतदारसंघाच्या आजवरच्या प्रतिनिधींची यादी सहज मिळते. १९१५ पासून आजपर्यंत सोळा व्यक्ती, प्रत्येकीपुढे पक्ष आणि कारकिर्दीच्या तारखा, एवढाच तिचा मजकूर असतो. ती वरपासून खालपर्यंत वाचली तर एकाच ठिकाणच्या लोकांनी शतकभर कोणाला निवडले याचा सलग इतिहास आपण वाचत आहोत असा समज होतो. तो समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे समजले की अमेरिकेची निवडणूक पद्धत बरीचशी उलगडते, असे मला वाटते.

आधी दोन-तीन शब्दांविषयी. अमेरिकेत ‘काँग्रेस’ हे संसदेचे नाव आहे, कोणत्याही पक्षाचे नव्हे. सिनेट आणि प्रतिनिधीगृह अशी तिची दोन सभागृहे आहेत. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला लोकसंख्या कितीही असली तरी दोनच जागा मिळतात, तर प्रतिनिधीगृहातील जागा राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून दिल्या जातात. एकूण जागा १९१३ पासून ४३५ आहेत. अलास्का आणि हवाई ही राज्ये नव्याने सामील झाली तेव्हाचा अल्पकाळ सोडला तर हा आकडा बदललेला नाही. दर दहा वर्षांनी जनगणना होते, ४३५ जागांचे राज्यांमध्ये पुन्हा वाटप होते, आणि मग प्रत्येक राज्य आपल्या वाट्याला आलेल्या जागांनुसार मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखते. प्रतिनिधीची मुदत केवळ दोन वर्षांची असते.

आपल्या मनात गोंधळ होतो तो येथेच. महाराष्ट्राला लोकसभेच्या ४८ जागा १९७७ च्या निवडणुकीपासून आहेत, आणि राज्यांमधील जागांचे वाटप आजही १९७१ च्या जनगणनेवर उभे आहे. मतदारसंघांच्या सीमा २००८ मध्ये बदलल्या हे खरे, तरीही आपल्याकडील मतदारसंघाला नाव असते: बारामती, सातारा, नागपूर. नावामागे एक गाव किंवा शहर असते आणि सीमा थोडीफार सरकली तरी ते तेथून हलत नाही. अमेरिकेत नावाऐवजी क्रमांक असतो. क्रमांकाला जमिनीचे बंधन नसते, त्यामुळे तो उचलून राज्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवता येतो, आणि तेराव्याच्या बाबतीत एकदा तसे झालेही.

मिशिगनला तेरावी जागा मिळाली ती १९१० च्या जनगणनेमुळे. मोटारींचा धंदा जोरात होता आणि डेट्रॉइट शहर झपाट्याने वाढत होते. १९१० मध्ये ४,६५,७६६ असलेली त्याची लोकसंख्या १९२० मध्ये ९,९३,६७८ झाली, म्हणजे दहा वर्षांत शहर दुपटीहून मोठे झाले. नवा नकाशा वेळेत न झाल्याने पहिली दोन वर्षे या जादा जागेवरचा प्रतिनिधी संपूर्ण राज्यातून निवडला गेला. १९१५ पासून मात्र तेरावा मतदारसंघ डेट्रॉइट शहरात अस्तित्वात आला आणि रिपब्लिकन पक्षाचे चार्ल्स निकोल्स त्याचे पहिले प्रतिनिधी झाले.

निकोल्स २५ एप्रिल १९२० रोजी पदावर असतानाच वारले. सिनेटची जागा रिकामी झाली तर बहुतेक राज्यांत गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख, तात्पुरता सदस्य नेमू शकतो. प्रतिनिधीगृहाच्या बाबतीत राज्यघटना ती मुभा देत नाही. येथे बसणारा माणूस लोकांनी निवडलेलाच असावा लागतो. त्यामुळे २ नोव्हेंबर १९२० रोजी, सार्वत्रिक निवडणुकीच्याच दिवशी, निकोल्स यांच्या उरलेल्या चार महिन्यांसाठी पोटनिवडणूक झाली आणि क्लॅरेन्स मॅक्लाउड निवडून आले. त्याच दिवशी पुढच्या पूर्ण मुदतीसाठी व्हिन्सेंट ब्रेनन निवडून आले. एकाच मतदारसंघातून एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या मुदतींसाठी दोन वेगवेगळे प्रतिनिधी, हा प्रकार वाचकाने लक्षात ठेवावा, कारण सुमारे शंभर वर्षांनी त्याच क्रमांकाखाली त्याचा जोडीदार भेटणार आहे.

मॅक्लाउड १९२३ मध्ये परतले आणि १९३७ पर्यंत राहिले. त्यांच्या काळातील मोठी गोष्ट म्हणजे १९२० ची जनगणना झाल्यावर काँग्रेसने जागांचे फेरवाटप केलेच नाही. शहरे वाढली होती, त्यांत स्थलांतरित मोठ्या संख्येने होते, आणि ग्रामीण भागातील सदस्यांना आपली सत्ता शहरांकडे जाऊ द्यायची नव्हती. डेट्रॉइटसारख्या शहराला त्याची सर्वात मोठी झळ बसली आणि फेरवाटपाचा आग्रह धरणाऱ्यांमध्ये मॅक्लाउड होते. अखेर १९२९ च्या कायद्याने फेरवाटप आपोआप होण्याची व्यवस्था झाली आणि १९३३ मध्ये मिशिगनच्या जागा एकदम १३ वरून १७ झाल्या.

महामंदीनंतर शहरातील कामगारांचा कल डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकला. १९३६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉर्ज ओब्रायन यांनी मॅक्लाउड यांना हरवले, १९३८ मध्ये मॅक्लाउड यांनी जागा परत घेतली, १९४० मध्ये ओब्रायन पुन्हा आले, १९४६ मध्ये रिपब्लिकन हॉवर्ड कॉफिन एका मुदतीसाठी आले आणि १९४८ मध्ये ओब्रायन यांनी जागा पुन्हा जिंकली. जानेवारी १९४९ मध्ये कॉफिन पायउतार झाले, आणि त्यानंतर या क्रमांकाखाली आजवर एकही रिपब्लिकन प्रतिनिधी आलेला नाही.

एकाच पक्षाची इतकी वर्षे सत्ता म्हणजे तेथे चुरस नाही, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. चुरस असते, पण ती नोव्हेंबरमध्ये नव्हे तर ऑगस्टमध्ये. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत. मतदारच त्याला प्राथमिक निवडणुकीत मतदानाने निवडतात. ज्या मतदारसंघात एका पक्षाचा विजय जवळपास ठरलेला असतो तेथे त्या पक्षाची प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक होते. तेराव्यातील १९४९ नंतरचे सत्ताबदल पाहिले तर विद्यमान प्रतिनिधीला हरवणारा माणूस दर वेळी त्याच्याच पक्षातून आलेला दिसतो.

त्यातील पहिला आणि सर्वात महत्त्वाचा बदल १९५४ चा आहे. दक्षिणेकडील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे कारखान्यांतील कामासाठी उत्तरेकडे आली होती. डेट्रॉइटमध्ये त्यांना घरे मिळत ती ठरावीक वस्त्यांतच. पूर्वेकडील ब्लॅक बॉटम आणि तिला लागून असलेली पॅराडाइज व्हॅली ही त्यांची मुख्य ठिकाणे होती, आणि नंतर शहर सुधारणेच्या नावाखाली ती जमीनदोस्त करून तेथून महामार्ग काढण्यात आला. या वस्तीत डिग्ज कुटुंबाचा अंत्यविधीचा मोठा व्यवसाय होता. त्या घरातील चार्ल्स डिग्ज हे राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, होते. त्यांनी १९५४ च्या प्राथमिक निवडणुकीत ओब्रायन यांना हरवले आणि जानेवारी १९५५ मध्ये ते मिशिगनमधून काँग्रेसवर गेलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. त्यांच्यासह त्या वेळी प्रतिनिधीगृहात तीनच कृष्णवर्णीय सदस्य होते.

डिग्ज यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तारखांच्या रकान्यात ‘१९५५–१९८०’ एवढेच दिसते आणि त्या पंचवीस वर्षांत या जागेचा अर्थच बदलून गेला. सदस्य होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, सप्टेंबर १९५५ मध्ये, ते मिसिसिपी राज्यातील समनर या गावी गेले. एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला तेथे चालू होता. न्यायालयात गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी बसण्याची वेगवेगळी व्यवस्था होती, आणि राष्ट्राच्या संसदेचा हा सदस्य कृष्णवर्णीय पत्रकारांसाठी मांडलेल्या लहानशा टेबलापाशी बसून खटला ऐकत राहिला. पंचांनी तासाभराच्या विचारविनिमयानंतर आरोपींना निर्दोष सोडले. डिग्ज यांचे मतदार मिशिगनमध्ये होते, मिसिसिपीशी त्यांचा कायदेशीर संबंध काहीच नव्हता. पण त्या मतदारांपैकी अनेकांची मुळे दक्षिणेत होती आणि तेथे राहिलेल्या त्यांच्या नातेवाइकांना मतदानाचा हक्कच नाकारला जात होता. अशा लोकांच्या वतीनेही कोणीतरी तेथे बसले पाहिजे, ही जाणीव त्या प्रवासामागे होती असे मी मानतो.

पुढे प्रतिनिधीगृहाच्या आफ्रिकाविषयक उपसमितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध आवाज उठवला. १९७१ मध्ये काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्यांचा गट औपचारिकपणे स्थापन झाला तेव्हा त्याच्या तेरा संस्थापक सदस्यांमध्ये डिग्ज होते आणि पहिले अध्यक्षही तेच झाले. राजधानी वॉशिंग्टनच्या नागरिकांना आपला महापौर आणि नगर परिषद निवडण्याचा हक्क देणारा १९७३ चा कायदा संमत झाला तेव्हा संबंधित समितीचे अध्यक्ष तेच होते.

याच माणसाला ऑक्टोबर १९७८ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. कार्यालयातील कर्मचाऱ्यांचे पगार फुगवून दाखवायचे आणि वाढीव रक्कम आपल्या वैयक्तिक व कार्यालयीन खर्चासाठी वळवायची, असा तो गुन्हा होता. शिक्षा सुनावली जाण्यापूर्वीच नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली आणि मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. ३१ जुलै १९७९ रोजी प्रतिनिधीगृहाने ४१४ विरुद्ध ० मतांनी त्यांची निर्भर्त्सना करणारा ठराव केला आणि जून १९८० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांनी जे मिळवून दिले आणि जो विश्वास मोडला, त्यातील एक सांगून दुसरे वगळणे मला अप्रामाणिक वाटते. दोन्ही त्याच पंचवीस वर्षांत घडले.

त्यांच्या जागी आलेले जॉर्ज क्रॉकेट तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते आणि त्यांचे मोठे काम आधीच होऊन गेले होते. १९४९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या नेत्यांवरील खटल्यात ते बचाव पक्षाचे वकील होते आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना स्वतःला चार महिने तुरुंगात काढावे लागले. नंतर ते डेट्रॉइटमध्ये न्यायाधीश झाले. १९६९ मध्ये एका चर्चजवळ पोलिसाचा खून झाल्यावर पोलिसांनी आत जमलेल्या शंभराहून अधिक लोकांना सरसकट अटक केली, तेव्हा क्रॉकेट यांनी पहाटेच पोलीस मुख्यालयात न्यायालय भरवून आधाराशिवाय धरलेल्यांना सोडायला सुरुवात केली. त्यावरून शहरात त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली गेली. काँग्रेसमध्ये ते १९९१ पर्यंत राहिले आणि निवृत्त झाले. मग बार्बरा-रोझ कॉलिन्स आल्या.

येथपर्यंतची यादी सरळ वाचता येते. सीमा बदलत होत्या, पण तेरावा मतदारसंघ डेट्रॉइट सोडून गेला नव्हता. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेस्बेरी विरुद्ध सँडर्स या खटल्यात एका राज्यातील मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी समान असलीच पाहिजे असे ठरवले. त्यापूर्वी मिशिगनच्या सर्वात मोठ्या मतदारसंघात सुमारे ८ लाख आणि सर्वात लहानात १ लाख ७७ हजार लोक होते, म्हणजे एका भागातील मताचे मोल दुसऱ्या भागातील मताच्या साडेचार पट होते. समानतेच्या या नियमाने मोठा अन्याय दूर केला, आणि त्याचबरोबर दर दहा वर्षांनी रेषा हलवणे अटळ करून ठेवले. ज्या शहरातून माणसे निघून जात असतात त्याच्या मतदारसंघाला ठरलेली संख्या गाठण्यासाठी बाहेर पसरावेच लागते. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये १८,४९,५६८ होती आणि २०२० मध्ये ती ६,३९,१११ उरली. शहर आकसत गेले आणि त्याचे मतदारसंघ पसरत गेले.

मिशिगनच्या जागाही कमी होत गेल्या. साठ आणि सत्तरच्या दशकांत १९ असलेल्या जागा १९८३ मध्ये १८ झाल्या आणि १९९३ मध्ये १६. त्या वेळच्या नव्या नकाशात डेट्रॉइटच्या वाट्याला १४ आणि १५ हे क्रमांक आले, आणि १३ हा क्रमांक शहराबाहेर पश्चिमेकडे, विद्यापीठासाठी प्रसिद्ध असलेल्या अ‍ॅन आर्बर व इप्सिलँटी या गावांच्या परिसरात गेला. कॉलिन्स आपल्या जुन्या मतदारांसह पंधराव्या मतदारसंघाच्या प्रतिनिधी झाल्या. जुन्या पंधराव्याचे विल्यम फोर्ड तेराव्याचे झाले. यादीत मात्र कॉलिन्स यांच्या खाली फोर्ड यांचे नाव येते, जणू फोर्ड यांनी कॉलिन्स यांची जागा घेतली. प्रत्यक्षात दोघेही १९९३ नंतर त्याच सभागृहात वेगवेगळ्या मतदारसंघांचे सदस्य म्हणून बसत होते. यादीतल्या नावाखाली ‘पुनर्रचनेमुळे १५ मध्ये’ अशी बारीक अक्षरांतली नोंद असते, आणि खरा इतिहास त्या बारीक अक्षरांतच असतो.

फोर्ड हे १९६५ पासून सदस्य होते आणि शिक्षण व श्रम समितीचे अध्यक्ष होते. कर्मचाऱ्यांना आजारपण, बाळंतपण किंवा घरच्यांची शुश्रूषा यांसाठी नोकरी न गमावता बिनपगारी रजा मिळण्याचा १९९३ चा कायदा त्यांनीच सभागृहात मांडला, आणि विद्यार्थ्यांना थेट केंद्र सरकारकडून कर्ज देणारी योजना आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्यानंतर अ‍ॅन आर्बरच्या लिन रिव्हर्स १९९५ ते २००३ या काळात प्रतिनिधी होत्या.

२००१ मध्ये नकाशा आखण्याचे काम रिपब्लिकन बहुमत असलेल्या राज्य विधिमंडळाकडे होते. जागा आणखी एकाने कमी होणार होती, आणि नव्या नकाशाने डेमोक्रॅटिक पक्षाच्या विद्यमान सदस्यांना एकमेकांसमोर उभे केले. रिव्हर्स यांचा भाग नव्या पंधराव्यात गेला आणि त्यांची गाठ जॉन डिंगेल यांच्याशी पडली. १९५५ पासून सदस्य असलेले आणि अखेर देशाच्या इतिहासात सर्वाधिक काळ काँग्रेसमध्ये राहिलेले डिंगेल यांच्यापुढे २००२ च्या प्राथमिक निवडणुकीत रिव्हर्स हरल्या. आणि १३ हा क्रमांक दहा वर्षांनी डेट्रॉइटला परत आला.

तो परत आला तो कॅरोलिन चीक्स किलपॅट्रिक यांच्यासह. त्यांनी १९९६ मध्ये पंधराव्याच्या प्राथमिक निवडणुकीत कॉलिन्स यांना हरवले होते, आणि २००३ मध्ये पंधरावा पुन्हा ‘तेरावा’ झाला तेव्हा त्या तेराव्याच्या प्रतिनिधी झाल्या. डेट्रॉइटच्या बाजूने पाहिले तर डिग्ज, क्रॉकेट, कॉलिन्स, किलपॅट्रिक हा क्रम सलग आहे. क्रमांकाच्या बाजूने पाहिले तर मध्ये फोर्ड आणि रिव्हर्स येतात. दोन्ही याद्या खऱ्या आहेत, फक्त पहिली माणसांच्या वस्तीची आहे आणि दुसरी सरकारी दप्तराची.

किलपॅट्रिक यांचे चिरंजीव शहराचे महापौर होते आणि २००८ मध्ये गैरवर्तनाच्या प्रकरणात त्यांना पद सोडावे लागले. त्याची झळ आईला बसली आणि २०१० च्या प्राथमिक निवडणुकीत हॅन्सन क्लार्क यांनी त्यांना हरवले. क्लार्क यांच्याविषयी आपल्या उपखंडातील वाचकांना विशेष आस्था वाटावी. त्यांची आई कृष्णवर्णीय अमेरिकन होती आणि वडील सिलहटचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले. ठाणेदार यांच्या बारा वर्षे आधी याच मतदारसंघाने उपखंडातील स्थलांतरिताच्या मुलाला निवडून दिले होते, ही गोष्ट २०२३ मधील बातम्यांत मला तरी कोठे दिसली नाही. क्लार्क यांना एकच मुदत मिळाली. २०१२ मध्ये पुन्हा नकाशा बदलला, ते चौदाव्यातून उभे राहिले आणि हरले.

तेराव्यात आले जॉन कॉनयर्स, चौदाव्यातून. त्यांची कारकीर्द ही क्रमांकांच्या फसवेपणाचे सर्वात ठळक उदाहरण आहे. १९६५ ते १९९३ पहिला, १९९३ ते २०१३ चौदावा आणि २०१३ पासून तेरावा, असे तीन क्रमांक त्यांच्या नावापुढे लागतात. पण ही तीन गावे नव्हेत, बावन्न वर्षे त्यांचे गाव डेट्रॉइट हेच होते. बसमधील जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांनी १९६५ पासून १९८८ पर्यंत त्यांच्या डेट्रॉइट कार्यालयात काम केले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चारच दिवसांनी कॉनयर्स यांनी किंग यांच्या जन्मदिनी राष्ट्रीय सुट्टी असावी असे विधेयक मांडले आणि ते पंधरा वर्षांनी, १९८३ मध्ये, कायदा झाले. तेराव्याच्या यादीत या माणसाच्या वाट्याला जेमतेम पाच वर्षे येतात.

त्यांच्या काळातील एक छोटी घटना सांगण्याजोगी आहे. मिशिगनमध्ये काँग्रेसच्या प्राथमिक निवडणुकीत नाव यायचे असेल तर मतदारांच्या १,००० वैध सह्या लागतात. आपल्याकडे मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, त्यामुळे या अटीचा जाच चटकन लक्षात येत नाही. २०१४ मध्ये, जवळपास पन्नास वर्षे सदस्य असलेल्या कॉनयर्स यांचे नाव सह्या गोळा करणाऱ्या काही जणांची स्वतःची मतदार नोंदणी नव्हती म्हणून बाद ठरवले गेले आणि संघराज्यीय न्यायालयाने ते परत आणले. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, ठाणेदार यांच्याविरुद्ध उभे राहू पाहणारे अ‍ॅडम हॉलियर यांच्या वैध सह्या हजाराला पुरल्या नाहीत आणि त्यांचे नाव मतपत्रिकेवर आलेच नाही.

५ डिसेंबर २०१७ रोजी, महिला कर्मचाऱ्यांच्या लैंगिक छळाच्या आरोपांनंतर, कॉनयर्स यांनी राजीनामा दिला; आरोप त्यांनी नाकारले होते. आपल्याकडे रिकामी जागा साधारणपणे सहा महिन्यांत भरावी लागते. अमेरिकेच्या राज्यघटनेत अशी कालमर्यादा नाही, तारीख राज्य ठरवते, आणि मिशिगनच्या गव्हर्नरने पोटनिवडणूक नोव्हेंबर २०१८ मधील सार्वत्रिक निवडणुकीसोबतच ठेवली. जवळजवळ वर्षभर सात लाख लोकांना प्रतिनिधी नव्हता. यादीत ही रिकामी ओळ नजरेतून निसटते, पण मला ती सोळा नावांइतकीच महत्त्वाची वाटते.

मग १९२० ची पुनरावृत्ती झाली. ७ ऑगस्ट २०१८ रोजी मतदारांसमोर एकाच मतपत्रिकेवर दोन प्राथमिक निवडणुका होत्या: एक उरलेल्या काही आठवड्यांसाठी आणि दुसरी पुढील पूर्ण मुदतीसाठी. पहिलीत डेमोक्रॅटिक पक्षाचे चार उमेदवार होते, दुसरीत सहा. पहिलीत डेट्रॉइट नगर परिषदेच्या अध्यक्ष ब्रेंडा जोन्स यांना सुमारे ३८ टक्के आणि रशिदा तलैब यांना सुमारे ३६ टक्के मते मिळाली. दुसरीत तलैब सुमारे ९०० मतांनी पुढे गेल्या, ३१ टक्क्यांच्या आसपास मते घेऊन. त्याच दिवशी त्याच मतदारांनी दोन वेगळी उत्तरे दिली. याचे कारण मतदारांचा गोंधळ हे नसून जादा दोन उमेदवारांनी विभागलेली मते हे आहे, असे आकडे पाहून वाटते. मिशिगनमध्ये सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो, निम्म्याहून अधिक मते लागत नाहीत आणि दुसरी फेरीही नसते. त्यामुळे किती जण रिंगणात आहेत यावर कोण जिंकतो हे ठरू शकते.

जोन्स २९ नोव्हेंबर २०१८ ते ३ जानेवारी २०१९, म्हणजे पाच आठवडे, सदस्य होत्या. तलैब पॅलेस्टिनी स्थलांतरितांच्या कन्या, डेट्रॉइटमध्येच जन्मलेल्या. मिनेसोटाच्या इल्हान ओमर यांच्याबरोबर त्या काँग्रेसमधील पहिल्या मुस्लिम महिला सदस्य ठरल्या. २०२३ मध्ये त्या नव्या बाराव्या मतदारसंघात गेल्या आणि तेराव्यात जागा मोकळी झाली.

हा नवा नकाशा विधिमंडळाने केलेला नव्हता. २०१८ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी सार्वमत घेऊन ते काम तेरा नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे सोपवले होते: चार डेमोक्रॅटिक, चार रिपब्लिकन आणि पाच कोणत्याही पक्षाशी न बांधलेले. राजकारण्यांनी आपले मतदार स्वतःच निवडू नयेत, हा त्यामागचा विचार मला योग्य वाटतो. परंतु आयोगाने डेट्रॉइटचे भाग उपनगरांशी जोडले आणि त्याने शहरातील कृष्णवर्णीय मतदारांची ताकद पातळ झाली अशी टीका तेथील अनेक नेत्यांनी केली. २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत नऊ उमेदवार होते. ठाणेदार यांनी स्वतःची मोठी रक्कम प्रचारात घातली होती. त्यांना सुमारे २८ टक्के मते मिळाली आणि ते जिंकले. १९५५ पासून काँग्रेसमध्ये डेट्रॉइटचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी असण्याची जवळपास सत्तर वर्षांची परंपरा त्याबरोबर थांबली. बेळगावात ज्या निकालाचे कौतुक झाले त्याच निकालाने डेट्रॉइटच्या अनेक घरांत हळहळ निर्माण केली, आणि त्या हळहळीमागे डिग्ज यांच्यापासूनचा इतिहास होता.

ठाणेदार २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. प्राथमिक निवडणुकीतील त्यांच्या प्रतिस्पर्धी मेरी वॉटर्स यांनी २००८ मध्ये किलपॅट्रिक यांनाही आव्हान दिले होते. यादीत कधीच न येणारी अशी नावेही मतदारसंघाच्या इतिहासाचा भाग असतात.

मिशिगनच्या जागा आज पुन्हा तेरा आहेत, १९१५ मध्ये होत्या तितक्याच. तेव्हा राज्य वाढत होते म्हणून तेरावा क्रमांक नवा होता. आता जागा घटत घटत तेथवर आल्या आहेत म्हणून तो शेवटचा आहे. एकोणिसावा मतदारसंघ १९८३ मध्ये संपला, अठरावा आणि सतरावा १९९३ मध्ये, सोळावा २००३ मध्ये, पंधरावा २०१३ मध्ये आणि कॉनयर्स यांचा चौदावा २०२३ मध्ये. २०३० च्या जनगणनेनंतर राज्याची आणखी एक जागा गेली तर ही सोळा नावांची यादी तेथेच बंद होईल, आणि आज तेराव्यात राहणारी माणसे आहेत त्याच घरांतून दुसऱ्या एखाद्या क्रमांकाखाली मत देऊ लागतील.